सीतारामचं म्हातारपण

काळाला थांबवण्याचं सामर्थ्य या सृष्टीत दोघांनाच लाभलं आहे: मृत्यूला आणि छायाचित्राला. हे वाक्य माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं. नागपुरात गांधीबागेत एका घाऊक कापडदुकानाच्या माडीवर त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि हे वाक्य त्याला दारावरच्या पाटीवर हवं होतं. पेंटरने अक्षरं ऐसपैस काढायला घेतली, पुढे जागा पुरेना, तेव्हा त्याने दादाला न विचारता मृत्यू गाळला. उरलेल्या पट्टीत 'पासपोर्ट फोटो अर्जंट मिळतील' एवढं मात्र बसवलं. दादा बरेच दिवस चिडून होता. गिऱ्हाइकं मात्र खालची ओळ वाचूनच जिना चढत.

परवा कूलरवाल्याने जुन्या जाळ्या काढून नवा वाळा भरला. पाणी सोडलं, पंखा फिरला आणि मला एकदम हायपोचा वास आला. वाळ्याचा आणि फोटो धुण्याच्या रसायनांचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण दादा उन्हाळ्यात स्टुडिओच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावायचा, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीतून हायपोचा आंबूस वास बाहेर यायचा. दोन्ही मिळून जो तिसरा वास तयार व्हायचा, तो माझ्या लेखी उन्हाळा. बाकी लोकांना उन्हाळा म्हटलं की आंबे आठवतात. मला दुसऱ्यांच्या लग्नांचे फोटो आठवतात.

नागपूरच्या उन्हाबद्दल बाहेरच्या माणसाला काही सांगू नये. त्याला ती बढाई वाटते. आमच्याकडे वैशाखात नळाचं पाणी इतकं तापलेलं येई, की निगेटिव्हवरचा थर मऊ पडून जागचा हलायचा. एका नवरदेवाचा डावा गाल असाच कानाकडे निघून गेला होता. म्हणून रोज सकाळी सायकलवरून, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची. तिच्यावरून घरात रोजचा वाद. दादाच्या मते बर्फ कलेसाठी होता, आईच्या मते पन्ह्यासाठी. आई वाद घालत बसायची नाही. ती सरळ अर्धी लादी उचलून न्यायची.

मी सांगते आहे तो उन्हाळा एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. बी.ए.ची परीक्षा देऊन मी रिकामी होते, आणि रिकामं माणूस दादाला बघवत नसे. त्याने मला फोटो रंगवायला बसवलं. रंगीत फोटो तेव्हा सर्रास मिळत नव्हते. काळ्यापांढऱ्या फोटोवर तेलरंग चढवायचे, काडीला कापूस गुंडाळून, अगदी हलक्या हाताने. साड्यांचे रंग गिऱ्हाइकाला विचारून द्यायचे. गालांचं मात्र विचारायचं नाही, ते सगळ्यांचे गुलाबी. खरं तर आमच्याकडच्या उन्हात ज्याचे गाल गुलाबी दिसतात, त्याला घरचे लोक कांद्याचा रस चोळून अंधारात निजवतात. पण फोटोत तो देखणा ठरायचा.

लगीनसराई असली की जिना सकाळपासून वाजत राही. उपवर मुली येत, त्यांच्या आया येत, चष्मा असलेल्या मुलीचा चष्मा आईच्या मुठीत असे. मुलगे येत ते अंगातल्या सदऱ्यावर. कोट स्टुडिओचा होता. एकच. तो सगळ्यांना बसायचा, कारण मागून चिमटे लावता येत. मागे रंगवलेला पडदा: संगमरवरी जिना, बाजूला तळं, तळ्यात हंस. त्या जिन्याच्या पायथ्याशी अर्धं नागपूर आणि आसपासचे तालुके उभे राहून गेले. वर कोणी गेलं नाही.

कसल्या तरी समितीचे एक अध्यक्ष दर उन्हाळ्यात यायचे. सत्कार ठरलेला असे, आणि त्यांना भविष्याकडे पाहणारा फोटो हवा असे. दादा गंभीरपणे त्यांची हनुवटी उचलून खिडकीकडे वळवायचा. आमच्या स्टुडिओत भविष्य कायम खिडकीच्या बाजूला होतं, कारण उजेड तिकडून यायचा.

दादाची खरी ख्याती होती ती पेन्सिलीची. निगेटिव्ह काचेच्या उतरत्या फळीवर ठेवून, टोकदार पेन्सिलीने तो चेहऱ्यावरच्या रेषा भरून काढायचा. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते, तिथे फोटोत उजेड पडतो आणि सुरकुती विझते. व्रण, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सासुरवासाच्या खुणा, कर्जाच्या खुणा, सगळं त्या पेन्सिलीखाली जाई. माणसं स्वतःचा चेहरा घेऊन जिना चढत आणि पाकिटातून दुसऱ्याच, गुळगुळीत नातलगाचा चेहरा घेऊन उतरत. कोणी तक्रार केली नव्हती. वच्छलाबाई येईपर्यंत.

वच्छलाबाई कुहीकडच्या एका खेड्यातल्या. एसटीने आल्या होत्या, बरोबर मुलगी पुष्पा आणि धाकटे दीर देवराव. भर दुपार, तिघांच्या डोक्याला ओले दुपट्टे. वच्छलाबाईंनी कमरेच्या पिशवीतून फडक्यात बांधलेला एक फोटो काढला. गावच्या नाटकमंडळीचा, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत कोणा फिरत्या फोटोवाल्याने काढलेला. पुढे खुर्च्यांवर राजा, प्रधान आणि लुगडं नेसलेली पुरुष राणी. मागच्या रांगेत, टोकाला, हातात भाला घेतलेला भालदार. पागोटं भुवयांपर्यंत, मिशा चिकटवलेल्या, चेहरा चिंचोक्याएवढा.

"हे माहे मालक," वच्छलाबाई म्हणाल्या. "सीताराम."

पुष्पा पाळण्यात असताना, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, तापाने तो गेला होता. दुसरा फोटो नव्हता. आता पुष्पाचं लग्न ठरलं होतं.

"पोरीनं बापाले पाहिलंच नाई, भाऊ. मंडपात आईबापाच्या पाया पडून जाईन म्हणते. तं मले त्याच्या बाजूले बसवून द्या."

"त्यांचा एकट्याचा मोठा करून देतो," दादा म्हणाला. "छान होईल. भव्य."

"एकट्याचा नको. एकटा ठेवला का मेल्या माणसाचा फोटो होते. मी बाजूले असली तं आईबापाचा होते."

मी तत्त्वज्ञान घेऊन परीक्षा दिली होती, पण एवढं तिथे कोणी शिकवलं नव्हतं.

असे जोडफोटो दादाने पूर्वी केले होते. जिवंत माणसाशेजारी कोणालातरी बसवायचं, आणि नंतर त्याच्या धडावर गेलेल्याचा चेहरा बसवायचा. धडासाठी देवरावला कोट चढवला.

"म्हणजे शरीर माह्यं अन् मुंडकं भाऊचं?" देवराव म्हणाला. "घरी बी असंच होतं. राबाले मी, अन् कौतुक त्याचं."

"पोट आत घ्या, भाऊजी," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्याले पोट नव्हतं."

"घेतलं. आता जास्त येळ नाई राहत ते."

वच्छलाबाई पायऱ्यांच्या पडद्यासमोर ताठ बसल्या, हात गुडघ्यांवर, नजर थेट कॅमेऱ्याच्या काचेत. भविष्याकडे बघायला त्यांना कोणी सांगितलं नाही. दादाने काळ्या कापडात डोकं घातलं, कोंडलेल्या आवाजात "हलू नका" म्हणाला, आणि झालं.

ती माणसं पुढल्या आठवड्यात पुन्हा आली तेव्हा दादा खूश होता. त्याने भालदाराचं पागोटं उतरवलं होतं, मिशा काढल्या होत्या, नीट भांग पाडला होता. पंचविशीचा, काहीसा बुजलेला, बऱ्या नाकाचा एक तरुण कोट घालून बसला होता. आणि त्याच्या शेजारची बाई, हे दादाच्या मते खास काम होतं. एकही सुरकुती नाही. गळा नितळ, डोळे टपोरे. मी गाल गुलाबी केले होते.

वच्छलाबाईंनी फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ पाहिला.

"हे कोण व्हय?"

"तुम्हीच," दादा म्हणाला.

"मी?" त्या वळल्या. "मी अशी कधी होती गा, भाऊ? हे कोणाची तरी बाई आणून बसवली तुमी माह्या मालकाजवळ!"

देवराव इतका हसला की त्याला ठसका लागला. पुष्पाने तोंडाला पदर लावला. वच्छलाबाई मात्र हसत नव्हत्या.

"वयनी, चांगली दिसून राहिली ना! काहून चिडता?"

"चांगली दिसते म्हणूनच तं. भाऊजी, हे बाई उन्हात गेली असन का कधी? हिनं रोवणी केली असन? पोरगी वाढवली असन?" त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. "मी इतक्या वर्षांत म्हातारी झाली, ते काय वाया गेलं?"

दादाने घसा साफ केला. समजूत काढायचा त्याचा एक आवाज होता, मुलींच्या आयांसाठी राखलेला. "बाई, असं बघा. तुम्हाला आहे तसंच ठेवलं, तर ते तुमचे यजमान वाटणार नाहीत. मुलगा वाटतील."

"मले माईत आहे. लोक हसतीन." वाळ्याच्या पडद्यातून पाणी ठिबकत होतं. मग त्या अगदी सरळपणे, दुकानात दुसरा रंग दाखवा म्हणावं तसं म्हणाल्या, "मले मागं नका नेऊ. त्याले पुढं आणा. माह्या बरोबरीले."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी कापसाची काडी खाली ठेवली.

अडचण अशी होती की दादाला कोणाला म्हातारं करता येत नव्हतं. उभा जन्म त्याने सुरकुत्या विझवल्या होत्या, लावली एकही नव्हती. पेन्सिल फक्त उजेड वाढवते. सुरकुती आणायची तर पातं हवं, निगेटिव्हवरचा थर केसाएवढा खरवडायला. हात जरा जड पडला, की सुरकुती नाही, जखम होते. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. जो माणूस म्हातारा झालाच नाही, तो कसा म्हातारा झाला असता, हे सांगणार कोण?

"तुमच्या सुरकुत्या जरा बघू द्या," दादा देवरावला म्हणाला.

"घ्या बापा. पायजे तितक्या घ्या. मी वापस नाई मागत."

मग त्या दुपारी गांधीबागेच्या माडीवर, खाली लुगड्यांचे गठ्ठे आपटत असताना, सीताराम म्हातारा झाला. मी पन्ह्यासाठी बर्फ फोडत होते आणि ऐकत होते.

"केस पांढरे करू ना?" दादाने विचारलं.

"केस राहिले नसते," देवराव म्हणाला. "आमच्या बाचे गेले होते. काकाचेई गेले."

"मंग तुमचे काहून नाई गेले?" वच्छलाबाई.

"मी आईवर गेलो."

"तेही आईवरच होते."

"वयनी, तुमी त्याले किती पाहिलं? मी जन्मापासून पाहिलं."

"तुमी नुसतं पाहिलं, भाऊजी. तेल मी लावून देलं."

केस राहिले. देवरावच्या समाधानासाठी कपाळ थोडं मागे सरकवायचं ठरलं.

"मिशा?"

"बारीक," वच्छलाबाई म्हणाल्या. "चिकटवल्या त्या नको. थ्या नाटकातल्या राजाच्या मालकीच्या होत्या."

"कपाळावर आठी?" दादा आता मनापासून विचारू लागला होता. हातात पेन्सिल होती, पण काय करावं हे तिला समजत नसल्यासारखी तो ती फिरवत होता.

"आठी कायले? रागीट नव्हते ते."

"तवा नव्हता," देवराव म्हणाला. "पुढं झाला असता, वयनी. संसार म्हटला का माणूस चिडतेच. तुमच्यासंगं राहून न चिडणारा माणूस अजून जन्मला नाई."

मला वाटलं, आता वच्छलाबाई उठून जाणार. त्यांनी विचार केला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, खरोखर विचार केला, आणि मला वाटतं त्या एवढ्या वेळात त्यांनी न झालेली सगळी भांडणं एकदा डोळ्यांखालून घातली.

"एक टाका," त्या म्हणाल्या. "लहानशी."

आणि तेव्हा पुष्पा पहिल्यांदा बोलली. ती भिंतीला टेकून उभी होती, तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. "बाबाले चष्मा लागला असता का वं, माय?"

"त्याले तं लय दूरचं दिसे. बांधावरचं जनावर वळखे तो."

"म्हातारपणी लागते सगळ्यायले."

वच्छलाबाईंनी मुलीकडे पाहिलं. मग दादाकडे. "द्या चष्मा. पोरीनं बापाचं काही तं घेतलं, म्हणतीन लोक."

कोटाचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी तो हात हलवून मिटवला. सीतारामने जन्मात कोट घातला नव्हता. "असू द्या. इतकी वर्षं जगला असता तं एखादा शिवला असता त्यानं."

हल्ली माझ्या भाच्याच्या मुलाच्या फोनवर एक खेळ आहे. चेहऱ्यावर बोट दाबलं की माणूस म्हातारा होतो. परवा त्याने अख्ख्या घराला म्हातारं करून दाखवलं, सगळे पोट धरून हसले, आणि पुन्हा बोट दाबून तरुण झाले. काम चोख होतं. फक्त टक्कल पडलं असतं की नसतं, यावर कोणाला भांडावं लागलं नाही. म्हाताऱ्या झालेल्या त्या चेहऱ्यांवरच्या आठ्या सगळ्या सारख्या होत्या, आणि त्या कोणामुळे पडल्या हे कोणालाच सांगता आलं नसतं.

दादाने ते काम भर उन्हाच्या वेळी केलं, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसे. पहिली निगेटिव्ह फाटली. दुसरीत सीताराम आजारी दिसू लागला. तिसऱ्या वेळी त्याने सदरा काढून ठेवला, बर्फाच्या पाण्यात बोटं गार केली, आणि पातं धरलं. एरवी काम करताना तो कलेवर बोलत असे. त्या दिवशी त्याने फक्त दोनदा बर्फ मागितला. केसांवर पेन्सिल फिरवून त्याने पांढरं केलं, डोळ्यांच्या कोपऱ्यांत देवरावच्या रेषा आणल्या, त्याही थोड्या कमी करून, नाकावर चष्म्याची बारीक चौकट काढली, आणि भुवयांच्या मधोमध एक लहानशी आठी खरवडली. संध्याकाळी ओला फोटो दोरीवरून काढताना तो मला म्हणाला, "हा माणूस मला ओळखीचा वाटतोय." मी काही थट्टा केली नाही. मलाही वाटत होता.

वच्छलाबाई फोटो न्यायला आल्या त्या दिवशी माझं रंगकाम संपत आलं होतं. त्यांनी पाहिलं. नवरा त्यांच्याएवढाच वाळलेला, तेवढाच उन्हातला. शेजारी त्या स्वतः, प्रत्येक रेषेसकट.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बरोबरीचा झाला." मग फोटोतल्या स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून मला म्हणाल्या, "इथं कुंकू राहिलं, ताई."

त्यांचं खरं कपाळ मोकळं होतं, पुष्पाच्या पाळण्यापासूनचं.

"वयनी," देवराव हळू आवाजात म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात गंमत नव्हती. "वरपक्षाचे लोक येतीन. मंडपात ठेवाचा फोटो आहे. सोयरीक जुळता जुळता जुळली. तो व्याही लय रीतभात पाहणारा माणूस आहे. कोणी काही बोललं तं?"

"काय बोलतीन?"

"रूढी असते, बाई," दादानेही जड आवाजात पुस्ती जोडली. रूढीबद्दल त्याचं काही मत नव्हतं, पण आवाज होता.

वच्छलाबाई भडकल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "फोटोत ते जिते आहेत ना?"

"आहेत," दादा म्हणाला. त्याने स्वतः केले होते, नाही कसं म्हणणार?

"मंग त्यायच्या बाजूले मी काहून रिकामी बसू?"

मी सगळ्यात बारीक काडी घेतली, लाल रंगात टेकवली आणि कुंकू लावलं. मोठं लावलं. माझ्या हाताला तेवढं एकच काम चांगलं येत होतं.

लग्नाला आम्हाला आवर्जून बोलावणं आलं. मी आणि दादा एसटीने गेलो. जांभळीच्या डहाळ्यांचा मंडप, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, मातीचा आणि वाफेचा वास, बँडवाले एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होते. बोहल्याशेजारी लाल कापड घातलेल्या खुर्चीवर तो फोटो, काचेच्या चौकटीत. वच्छलाबाई खुर्चीला टेकून उभ्या, कपाळ मोकळं. देवराव मंडपभर धावत होता, पण पंगतीतून, पाण्याच्या पिंपाजवळून, कुठूनही त्याची एक नजर त्या खुर्चीवर होती.

आणि व्याही आले. भरघोस मिशा, कडक इस्त्रीचं धोतर, बोलण्याआधी खाकरायची सवय. मला ते समितीचे अध्यक्ष व्हायला अगदी योग्य वाटले. ते फोटोपुढे थांबले. आधी सीतारामकडे पाहिलं. मग फोटोतल्या वच्छलाबाईंकडे, मग शेजारी उभ्या असलेल्या वच्छलाबाईंच्या कपाळाकडे. मग पुन्हा फोटोकडे. देवराव हातातला पाण्याचा तांब्या घेऊन तसाच उभा राहिला.

व्याही खाकरले. "हे वारले कधी?"

"झाले गा दिवस," देवराव कसाबसा म्हणाला. "पोरगी लहान होती."

"अन् फोटो?"

देवरावने दादाकडे पाहिलं. दादाने मंडपाच्या छताकडे पाहिलं. उत्तर वच्छलाबाईंनी दिलं. "मागच्या आठवड्यातला."

व्याह्यांनी मान हलवली. त्यांना समजलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ते जाऊन पाटावर बसले. लग्न लागलं. पुष्पा नवऱ्याला घेऊन खुर्चीपाशी आली, चष्मा नाकावर सरकवला, आणि दोघं वाकली. वच्छलाबाईंनी एक हात चौकटीवर ठेवला होता आणि दुसऱ्याने मुलीच्या डोक्याला स्पर्श केला.

मग व्याहीभेट. मुलीचा बाप नसला की काका पुढे होतो, म्हणून देवराव छाती काढून उभा राहिला. व्याही दुपट्टा, टोपी आणि नारळ घेऊन आले. ते देवरावच्या समोरून सरळ पुढे गेले. खुर्चीपाशी त्यांनी नारळ ठेवला, दुपट्टा चौकटीवर पांघरला, आणि वाकून, दोन्ही हातांनी चौकट धरून, आधी या खांद्याला, मग त्या खांद्याला, काचेला रीतसर भेटले. बँड थांबला होता. मंडपात बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि दादाने माझा रुमाल मागून घेतला.

टोपी चौकटीवर काही केल्या राहीना. शेवटी ती देवरावने घातली. त्याला ती लहान होत होती.